मार्गदर्शनाचा तास

वॉर्डातल्या नर्सेस सरांना आपसात 'पाहुणे' म्हणायच्या. यायचे ते चहापुरते, आणि कप खाली ठेवायच्या आत निघायची घाई. विभागप्रमुखपद, भिंतभर प्रमाणपत्रं आणि कोटाच्या खिशात तीन पेनं, एवढं त्यांच्याकडे होतं. अशा माणसाच्या हाती एका तरुण डॉक्टर मुलीचं भवितव्य सोपवलेलं होतं.

तिला एका संस्थेचं अनुदान मिळालं होतं. नवख्या डॉक्टरांमधून संशोधक घडावेत म्हणून ते देत. अटी वाचायला मोठ्या गोड होत्या. कामाचा बहुतेक वेळ प्रयोगशाळेत घालवायचा आणि दर आठवड्याला एक तास अनुभवी मार्गदर्शकाजवळ बसायचं. ती बसायचीही, पण गाडीत, चालकाच्या जागेवर. सरांना गाडी चालवायचा कंटाळा होता आणि मंगळवारी त्यांचा खाजगी दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला असायचा. जाता-येता होईल ते मार्गदर्शन, असं त्यांनीच ठरवलं होतं. सर मागे बसून फोनवर जमिनीचे व्यवहार बोलत. तिला मार्गदर्शन व्हायचं ते एवढंच, की पुढच्या चौकात डावीकडे घे.

तिच्या मामाचा पाय मधुमेहात कापावा लागला होता. जखम चिघळणार हे आधी कळलं असतं तर कदाचित पाय वाचला असता. जखमेतून पाझरणारं पाणी तपासून हे आधीच सांगणारी साधी चाचणी-पट्टी बनवायचं तिच्या डोक्यात होतं. पण नमुने लगेच तपासले नाहीत तर वाया जात, आणि नेमके तेव्हाच सरांचे ओपीडीचे रुग्ण तिच्या गळ्यात पडत. वर्षभरात निम्मे नमुने असेच सडले. तिने ते गाडीत सरांना सांगितलंही होतं. सर 'हं' म्हणाले होते, पण ते बहुधा फोनवरच्या माणसाला.

"मार्गदर्शक म्हणे," आई घरी म्हणाली. "रिक्षावाल्यालाही रस्ता याच्याहून बरा सांगता येतो."

वर्षअखेरीला अनुदान देणाऱ्या संस्थेची समिती आली. पुढची वर्षं मिळणार की नाही, ते त्याच दिवशी ठरणार होतं. सर कोट झाडून बसले आणि आपण या मुलीला कसं बोट धरून चालवलं ते रंगवून सांगू लागले. समितीतल्या वयस्कर बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "यंदा हिच्या कामात सगळ्यात मोठी अडचण कोणती आली?"

सरांनी नेहमीप्रमाणे तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या प्रत्येक भाषणात ती शेजारी उभी राहून हळूच आकडे पुरवायची. आताही 'नमुने' एवढा एक शब्द पुरला असता. सर बाकीचं फुलवून सांगतील, अनुदान चालू राहील, आणि मंगळवारची गाडीही. नाही पुरवला, तर कदाचित सगळंच संपेल. ती टेबलाकडे बघत राहिली.

"संशोधनात संयम लागतो," सर म्हणाले. "तो मी तिला शिकवला."

बाई तिच्याकडे वळल्या. "तुमच्या साप्ताहिक तासात काय होतं?"

"सर फोनवर बोलतात," ती म्हणाली. "मी गाडी चालवते."

समितीने अनुदान थांबवलं नाही. दोन महिन्यांत नवा मार्गदर्शक शोधा, नाहीतर बंद, असं सांगितलं. ती थेट तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे एका तिरसट प्राध्यापक बाईंची जंतुशास्त्राची प्रयोगशाळा होती आणि त्यांच्या वाटेला कुणी जात नसे. तिने आपलं म्हणणं मांडलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"सडलेले नमुने फेकून दिलेस?"

"नाही, ठेवलेत."

"मग इथे काय करतेस? घेऊन ये."

सरांनी मनाला फार लावून घेतलं नाही. मंगळवारी ती खिडकीशी नमुना तपासत होती, तेव्हा खाली त्यांची गाडी निघाली. सर मागे बसून फोनवर बोलत होते. चालकाच्या जागेवर, गळ्यात नवंकोरं ओळखपत्र घालून, यंदाचा अनुदानप्राप्त डॉक्टर होता.