धुतलेले ठोकळे

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, पुण्यातल्या बहिणीजवळही नाही. माझ्या मुलीला, इराला, सांगायची वेळच आली नाही — तिला माहीत आहे. तिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे, आणि त्यावर आम्ही दोघी कधी एक शब्द बोललेलो नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गोष्ट लाकडाच्या ठोकळ्यांची आहे. म्हणजे — ठोकळ्यांची नाहीच खरं तर. पण सुरुवात तिथूनच करायला हवी. नाहीतर तुम्ही म्हणाल, लाकूडच ना? त्यात एवढं काय?

आम्ही ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला राहतो. आमच्या शेजारी केन राहायचा, केन ऑडली. सगळा जन्म स्टीलवर्क्समध्ये गेलेला, ऐंशी उलटलेली, बायको कधीच गेलेली. एकुलती मुलगी मेग कालगुर्लीला शाळेत शिकवायची, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. मी त्याला ‘केन’ आणि ‘तो’ म्हणते म्हणून माझ्या सासूबाई मला रागवायच्या. "बापाच्या वयाचे आहेत, तो काय गं?" त्या स्वतः त्याला ‘केनभाऊ’ म्हणत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं. कुंपणावरून तो लिंबं द्यायचा, आई थालीपीठ द्यायच्या, आणि दोघं आपापल्या भाषेत खुशाल बोलत बसायची.

केनचे पणजोबा लंडनला पुस्तकांसाठी चित्रं कोरायचे. पुस्तकात फोटो छापता येत नव्हते त्या काळात पक्षी, जहाजं, गोष्टीतली मुलं, सगळं आधी लाकडावर कोरावं लागे. चित्रकार चित्र काढून मोकळा व्हायचा. त्यातली एकेक रेघ उभी ठेवून मधलं पांढरं खरवडून काढायचं काम या घराचं. तेही उलटं, आरशात दिसतं तसं. लाकूड बॉक्स नावाच्या झाडाचं, दगडासारखं घट्ट. पण ते झाड इतकं हळू वाढतं की खोड जेमतेम दंडाएवढं होतं. म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान तुकडे सरसाने जोडून एक ठोकळा करत. हे सरसाचं लक्षात ठेवा.

एका टेबलाभोवती बाप आणि त्याच्या दोन मुली बसत — एलेन आणि हॅना. दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवायचा, म्हणजे उजेड एकवटून नेमका ठोकळ्यावर पडतो. एलेनची नजर तरुणपणीच गेली. हॅनाचा अंगठा हत्यार धरून कायमचा वाकडा झाला. आणि पुस्तकात चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव छापून यायचं, ते फक्त बापाचं. पुढे फोटोवरून छापायची रीत आली आणि घराचा धंदा बसला. त्या दोघींचा भाऊ, म्हणजे केनचे आजोबा, उरलेल्या ठोकळ्यांची पेटी घेऊन बोटीने इकडे आला आणि कोळशाच्या खाणीत लागला.

कुठला ठोकळा कुणाच्या हातचा, हे आजोबांनी केनला बोटांनी ओळखायला शिकवलं होतं. एलेनचं पाणी वेगळं, हॅनाचं आकाश वेगळं. ते ओळखणारा आता केन एकटाच उरला होता. म्हणून त्याने प्रत्येक ठोकळ्याच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली: हा एलेनचा, हा हॅनाचा, हा बापाचा. मेग या सगळ्यांवर पुस्तक करणार होती. "त्या पोरींची नावं एकदा तरी छापली जायला हवीत," तो म्हणायचा. पोरी! जाऊन किती काळ लोटला असेल त्यांना.

एकदा त्याने आम्हाला ठोकळे दाखवले. हात आधी पँटला पुसले, मग एकेक उचलून आमच्या पुढ्यात ठेवला. मी म्हटलं, "ब्यूटिफुल." आणखी काय म्हणणार? आईंनी मात्र एक ठोकळा खिडकीशी नेला, तिरका धरला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर ह्यांच्या पोस्टातल्या शिक्क्यासारखं आहे. उलटं कोरायचं, म्हणजे सुलटं उमटतं." सासरे पोस्टमास्तर होते. मी केनला सांगितलं. तो टेबलावर हात आपटून ओरडला, "शी गॉट इट! कुसुम गॉट इट!"

हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे लागेल.

मग लॉकडाऊन आला. त्याच सुमाराला केन बाथरूममध्ये पडला आणि हॉस्पिटलमधून परस्पर वृद्धांच्या होममध्ये गेला. पेटी त्याने घरून मागवून घेतली होती, पण तिथल्या खोलीत जागा नाही म्हणून होमवाल्यांनी ती आमच्या व्हरांड्यात आणून ठेवली. केनचा फोन आला. मेग येईपर्यंत सांभाळशील ना? मी म्हटलं, नो वरीज, केन. दोनच दिवसांनी बातमी आली, त्याच होममध्ये कोरोनाची केस निघाली होती.

ते दिवस तुम्हीही काढले आहेत. आम्ही दुधाच्या बाटल्या पुसत होतो, कोथिंबीर साबणाच्या पाण्यात बुचकळत होतो. आईंना डायबेटिस होता, हृदय कमकुवत होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. कारण मी युनिव्हर्सिटीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काम करते. पेटी नुसती गॅरेजमध्ये आठवडाभर ठेवून दिली असती तरी पुरलं असतं, हे मला कळत होतं. आणि दुसरंही कळत होतं. स्वयंपाकघरातला पोळपाट मी जन्मात कधी पाण्यात ठेवलेला नाही. ओल्या फडक्याने पुसायचा आणि उभा करायचा. कुठल्या मराठी बाईला हे शिकवावं लागतं?

तरी मी लाँड्रीतला, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीतला, टब गरम पाण्याने भरला. त्यात ब्लीच ओतलं. आणि ठोकळे एकामागून एक आत सोडले.

नवरा शिफ्टला होता. इरा वर तिच्या ऑनलाइन क्लासमध्ये होती. आई झोपल्या होत्या. मी ब्रश घेऊन ते घासले. रेघांमध्ये जंतू राहू नयेत म्हणून रेघांमधूनसुद्धा घासले. थोड्या वेळाने पाठीवरच्या चिठ्ठ्या सुटून वर आल्या. शाई पसरली, कागदाचा लगदा झाला आणि टबाच्या जाळीत अडकला. तो मी बोटांनी काढून कचऱ्यात टाकला. तेव्हा तरी थांबावं? नाही थांबले. ठोकळे टॉवेलवर मांडून उन्हात ठेवले, तेव्हा इरा वरच्या खिडकीतून बघत होती. ऊन कडक होतं. दुपारनंतर पाहते तर सरस सुटलेला, जोड उघडे पडलेले. काही ठोकळ्यांचे तुकडेच झाले होते, काही पन्हळीसारखे वाकले होते. एका जहाजाच्या मधोमध अशी भेग गेली होती की नख आत जात होतं.

मी ते जुन्या फडक्यात गुंडाळून पुन्हा पेटीत भरले आणि पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर सारली.

केन होममधून फोन करायचा. भेटायला कुणाला सोडत नव्हते. दर वेळी शेवटी विचारायचा, "पोरी बऱ्या आहेत ना?" ठोकळ्यांना तो तसंच म्हणायचा. आणि मी सांगायचे, ऑल गुड, केन. एकदा म्हणाला, नावेत बसलेल्या मुलाचं चित्र जरा काढून बघ, त्यातलं पाणी सांग कसं आहे. मी सोफ्यावर बसून त्याला पाणी सांगितलं. समोर काहीही नव्हतं. तो पलीकडे "हं, हं" करत राहिला. "ती एलेन," म्हणाला. पुढच्या वर्षी तो गेला. मेगने अंत्यविधी कालगुर्लीत लॅपटॉपवर पाहिला, कारण तिच्या राज्याच्या सीमा बंद होत्या.

सीमा उघडल्यावर मेग आली. आमच्या सोफ्यावर बसून ती सारखं एकच म्हणत होती, तुम्ही माझ्या वडिलांचं माझ्यापेक्षा जास्त केलंत. मी पेटी आणली. काय बोलायचं ते मी आठवडाभर घोकलं होतं. एकच वाक्य होतं: मी ते धुतले. तिने फडकं उलगडलं. एक तुकडा उचलला, दुसरा त्याला लावून पाहिला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?"

त्याच वेळी आई चहाचा ट्रे घेऊन आल्या. सोबत रव्याचे लाडू — केनभाऊंची मुलगी येणार म्हणून सकाळपासून खपून केलेले. त्यांनी ट्रे खाली ठेवला. आणि मी म्हणाले, इंग्रजीत, त्यांच्यादेखत, "माय मदर-इन-लॉ वॉश्ड देम. शी डिडन्ट नो."

दारात इरा उभी होती. "बट मम, आजी डिडन्ट—"

"इरा, चमचे आण," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. चमचे आणले.

मेग उठली. तिने आईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "इट्स ऑलराइट, लव्ह. यू वरन्ट टु नो." म्हणजे, तुम्हाला कुठून कळणार होतं. आईंना फक्त ‘ऑलराइट’ कळलं. त्यांचे डोळे भरून आले. "फार चांगले होते हो तुझे बाबा," त्या मराठीत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "काय म्हणाली गं ती?"

"थँक्यू म्हणाली, आई."

इथेच संपलं असतं तरी सांगण्यासारखं पुरेसं होतं. पण मेगने पुस्तक केलं. पातळसं, पण छान छापलेलं. जुन्या पुस्तकांतली चित्रं त्यात होती, प्रत्येकाच्या कोपऱ्यात बापाचं नाव. एलेन आणि हॅनाविषयी एक परिच्छेद, आणि त्यांचं काम कुठलं हे आता कधीच कळणार नाही, असं वाक्य. का कळणार नाही, ते शेवटच्या पानावर. शेजारच्या घरातल्या वयस्कर भारतीय सासूबाईंनी, कुसुम यांनी, हे काय आहे ते न कळल्यामुळे साथीच्या भीतीने ठोकळे धुतले. त्यांना दोष देता येत नाही. खाली आभार — माझे.

ज्या दोघींनी डोळे आणि हात घालवले त्यांच्या हातचं एकही चित्र त्यांच्या नावाने छापलं गेलं नाही. जिने काही केलं नाही तिचं नाव छापलं गेलं.

आपलं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते आईंना पासपोर्टमुळे ठाऊक होतं. त्यांनी बोट ठेवलं. "हे माझंच ना? काय लिहिलंय गं?" मी म्हटलं, तुम्ही केनची विचारपूस करायचात, ते लिहिलंय. त्या इतक्या हरखल्या की पुस्तक पर्समध्येच ठेवू लागल्या.

गणपतीला आम्ही सिडनीत, टूनगॅबीला एका मित्राकडे गेलो होतो. आरती झाल्यावर आईंनी पुस्तक काढून दाखवलं. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी शेवटचं पान वाचलं आणि मोठ्याने हसले. "काकू, साहेबाची कला साबणाने धुतलीत की तुम्ही! दीडशे वर्षांचा सूड घेतलात एका दुपारी!" सगळे हसले. आईही हसल्या — जरा उशिरा. मी मोदकांची ताटं लावत होते. मी मान वर केली नाही.

परतताना गाडीत त्यांनी पुस्तक मांडीवर धरलं होतं, पर्समध्ये ठेवलं नाही. सकाळी मी डबा भरत असताना मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वैशाली, मीच धुतलं होतं का गं ते?"

मी काय म्हणाले सांगू? "जाऊ द्या ना आई, झालं गेलं." ‘नाही’ असं म्हणाले नाही. दोनच अक्षरं होती.

"मग मला आठवत कसं नाही?" त्या ओट्याला टेकल्या. "पाण्याने लाकूड जातं, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही? म्हणजे माझं डोकंच गेलं म्हणायचं. केनभाऊंनी इतक्या विश्वासाने ठेवलं होतं. तुला खाली बघावं लागलं असेल त्या मुलीपुढे — माझ्यामुळे." आणि त्यांनी माझी क्षमा मागितली. माझी. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर त्या कशाला हात लावायला बिचकत. भांडं घासायच्या आधी विचारत, चादर मशीनमध्ये टाकायच्या आधी विचारत. स्वतःचा चहाचा कप घेऊन सिंकपाशी उभ्या राहत, नळ न सोडता. "हे धुऊ का गं?" मी म्हणायचे, "धुवा ना, आई." कधी कधी घाईत असले की चिडून म्हणायचे. इरा ते ऐकायची. पुढे ती मेलबर्नला शिकायला गेली. घरी फोन करते तो बाबांना. आई गेल्या तेव्हा आली होती. पुस्तक त्यांच्या पर्समध्ये सापडलं. तिने ते माझ्या हातात दिलं आणि खोलीबाहेर गेली.

पुस्तक माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर आईंच्या नावाखाली बोटाचा मळकट डाग आहे.

ते ठोकळे मी धुतले. लाँड्रीत दुसरं कुणी नव्हतं.