नाकेदाराची कबुली

पोचुबाईनं चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि ती उठून उभी राहिली.

"सिस्टर, या मानसाचा पाय मी नाही धुवत."

मला नवल वाटलं. महारोग्यांच्या आमच्या मिशन दवाखान्यात ड्रेसिंगला तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. ती स्वतः तिथलीच जुनी पेशंट. बोटं थोडी वाकलेली, पण रोग थांबला होता. किडे पडलेली जखमसुद्धा ती नाक न मुरडता साफ करायची. आज मात्र समोर बसलेल्या माणसाकडं पाहून ती मागं सरली.

"काहून?" मी विचारलं.

"हा देवराव नाकेदार हाये. यानं माह्या मानसाले मारलं."

तो माणूस खाली मान घालून बसला होता. त्यानं 'नाही' म्हटलं नाही.

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा गार्ड. ही गोष्ट साठ सालच्या आसपासची. झरी जामणीकडच्या जंगलात तेव्हा नाकेदाराचा शब्द म्हणजे कायदा. तिथले कोलाम आदिवासी टोपल्या विणायला बांबू तोडत. त्याबदल्यात देवरावला कोंबड्या लागत आणि फुकट राबणारी माणसं लागत. पोचुबाईचा नवरा भीमा एक दिवस राबायला गेला नाही. संध्याकाळी देवरावनं त्याचं प्रेत बैलबंडीत घालून पोडावर आणलं. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. मोहाच्या झाडावरून पडला, असं त्यानं सांगितलं.

पोचुबाईनं नवऱ्याला आंघोळ घातली, तेव्हा मनगटांवर दोराचे वळ दिसले. तिनं घरोघरी जाऊन सांगितलं. कुणी ऐकलं नाही. त्याच सुमारास तिच्या अंगावर चट्टे उठले. मग पोडानं ठरवलं की हिच्या अंगातलं वाईट भीमाला लागलं, म्हणून तो पडला. तिला वस्तीबाहेर काढलं. पायी चालत ती आमच्याकडे आली होती.

आता, काही वर्षांनी, तोच रोग देवरावला झाला होता. नोकरी गेली होती. मुलांनी त्याला शेताच्या बांधावर खोपटात ठेवलं होतं, भाकर लांबूनच ठेवून जात. तिथूनच कुणीतरी त्याला आमच्याकडे आणून सोडलं.

त्याचं ड्रेसिंग मी केलं. या रोगात पायाच्या नसा मरतात. काटा रुतला तरी कळत नाही, माणूस चालतच राहतो, आणि जखम हाडापर्यंत जाते. त्याला आम्ही अल्सर म्हणतो. देवरावच्या टाचेतलं हाड उघडं पडलं होतं. चिमटा हाडाला लागला तरी तो इकडंतिकडं पाहत होता.

रविवारी पाद्रीसाहेब आले. वॉर्डाच्या व्हरांड्यात उपासना व्हायची. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी ते जकातदारांबद्दल बोलले. लोक ज्यांचं तोंड पाहत नसत अशांच्या पंगतीला प्रभू येशू जेवायला बसला. चांगली म्हणवणारी माणसं चिडली. पण चांगल्यांना बोलवायला तो आलाच नव्हता, पाप्यांना मागं फिरवायला आला होता.

"जकातदार म्हणजे कोण? तर आपल्याकडचा नाकेदार समजा," साहेबांनी सोपं करून सांगितलं.

अर्धा वॉर्ड वळून देवरावच्या खाटेकडं पाहू लागला.

उपासना संपल्यावर देवराव ओक्साबोक्शी रडला. मला बाप्तिस्मा द्या म्हणाला. साहेबांना आनंद झाला. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मग ते खाटेशी परत गेले.

"देवराव, पश्चात्ताप झाला म्हणता. कशाचा?"

"पापाचा, साहेब. साऱ्या पापाचा."

"नाव घेऊन सांगा."

देवराव म्हणाला, "मी रोज देवाले सांगून राह्यलो."

"देवाला ते आधीच माहीत होतं. पोडावर सांगितलंत का?"

"थे लोक मले जित्ता नाही सोडनार."

"नुसतं वाईट वाटणं म्हणजे पश्चात्ताप नाही, देवराव. ज्या वाटेनं गेलात, तिनंच माघारी यावं लागतं. बाप्तिस्मा पळून जात नाही."

हे कळल्यावर आमच्या डॉक्टरबाई संतापल्या. "हाड सडलंय त्याचं. त्या पायावर चालला तर विष रक्तात जाईल. तुमच्या उपदेशानं माझा पेशंट मरेल."

"मी त्याच्यावर बळजबरी करणार नाही," साहेब म्हणाले.

त्यांनी खरंच केली नाही. देवराव कित्येक दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होता. मग एका सकाळी स्वतःच म्हणाला, "बंडी जुंपा."

पोचुबाईला कळलं. "मी बी येतो," ती म्हणाली. "मले आयकाचं हाये."

साहेब आणि मीही बरोबर निघालो. मुकुटबन गाव मागं पडलं आणि जंगल सुरू झालं. पोचुबाई बंडीत बसली नाही, मागून चालत राहिली. पुढं नाल्यात चाक फसलं. पोड तिथून दिसत होतं. देवराव उतरून काठी टेकत चालू लागला. पाय दुखतच नव्हता, त्यामुळं तो थांबेना. मी बांधलेलं बँडेज पोडावर पोचेपर्यंत लाल झालं होतं.

माणसं लांब उभी राहिली. रोगाची भीती होती, आणि नाकेदाराची जुनी भीतीही गेली नव्हती. पोडाचा नाईक, म्हणजे वस्तीचा मुख्य म्हातारा, पुढं आला.

देवराव काठीला धरून बोलला. "भीमा झाडावून पडला नाही. मी त्याले बांधलं. मीच मारलं. थो पानी मांगून राह्यलता, मी देल्लं नाही. मंग तुमाले खोटं सांगतलं. ही बाई खरं बोलत होती."

आता कुणीतरी दगड उचलेल, असं मला वाटलं. मी साहेबांच्या जवळ सरकले. पण कुणीच हाललं नाही. नाईक जमिनीकडं पाहत होता.

"आमाले मालूम होतं," तो म्हणाला.

पोचुबाई पुढं आली. "मालूम होतं?"

"हाताचे वळ आमी बी पाह्यलते, बाई. पन नाकेदाराच्या इरोधात कोन बोलन? जंगल त्याच्या हातात. आन् तुह्या अंगावर चट्टे..."

तिची जाऊ गर्दीत होती. तिनं तोंड फिरवलं. पोचुबाईनं एकेकाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ माणसं मरताना पाहिली, पण तेव्हा तिचा झाला तसा चेहरा पुन्हा पाहिला नाही. ती वळली आणि नाल्याकडं चालू लागली.

देवरावनं हात जोडून माफी मागितली. त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, पोलीस ठाण्यावरही सांगतो. ठाणेदारानं त्याला पायरी चढू दिली नाही.

"झाडावरून पडून मेला असं कागदावर आहे. आणि महारोग्याला कोठडीत कुठं ठेवू? माझे शिपाई मारायचेत का? घेऊन जा याला."

दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याला थंडी वाजत होती. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. डॉक्टरबाईंनी पेनिसिलिन सुरू केलं. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत, साहेबांशी तर नाहीच. मी ड्रेसिंगची तयारी करत होते. पोचुबाई आत आली आणि तिनं माझ्या हातातून चिमटा घेतला.

"राहू दे, मी करते," मी म्हटलं.

"यानं निदान सांगतलं तरी," ती म्हणाली.

तो जिवंत होता तोवर तिनंच त्याचं ड्रेसिंग केलं. साहेबांनी हळूच विचारलं, "माफ केलंस का?" ती म्हणाली, "नाही." साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी देवरावला खाटेवरच बाप्तिस्मा दिला. पुढं लवकरच तो गेला. मुलांना निरोप धाडला होता, ती आली नाहीत. वॉर्डातल्या पेशंटांनीच खड्डा खणला.

मातीहून परतताना पोचुबाई साहेबांजवळ थांबली.

"साहेब, तुमचा देव पाप्याले बोलावते. ज्याच्यावर पाप झालं, त्याले कोन बोलावते?"

"मला विचार करू दे," साहेब म्हणाले. त्यानंतर ते त्या पोडावर जाऊ लागले. गप्प बसणाऱ्यांनाही मागं फिरावं लागतं, एवढंच तिथं बोलत.

पुढं नाईक एकदा आला. फाटकाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "घरी चाल, बाई. चुकलो आमी." तिनं त्याला पाणी दिलं. "मी अठीच बरी हावो," म्हणाली. ती शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली.

नंतरच्या नोकरीत पश्चात्ताप झाल्याचं मला पुष्कळांनी सांगितलं. पेशंटांनी, आमच्या स्टाफनंही. मी एकच विचारायची, कुणाला सांगितलंत? 'देवाला' असं उत्तर आलं, की मी दुसऱ्या पेशंटकडं वळायची.