रिकामं वर्तुळ

नम्रता माझी चुलत बहीण. नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर. तिच्या हुशारीत माझा काडीचा वाटा नाही, पण दहावीपासून तिच्या अभिनंदनाचे फ्लेक्स मीच छापत आलोय, कारण दुकानच माझं फ्लेक्सचं. यंदाचा सगळ्यात मोठा होता: ‘नायगावच्या कन्येने शोधला मृत तारा.’ ‘मृत’ नको, अशुभ वाटतं, अशी मंडळाने कुरकुर केली. मी म्हटलं, शास्त्र आहे, गप्प बसा.

तिचं काम मला तिने जेवताना समजावलं होतं. उपग्रहावरची दुर्बीण आकाशातून येणारे एक्स-रे टिपते. पण ते नेमके कुठून येतात हे त्या दुर्बिणीला सांगता येत नाही. ती एक बारकं वर्तुळ आखून देते, याच्यात कुठेतरी, म्हणून. मग साध्या उजेडात काढलेले फोटो घेऊन त्या वर्तुळात कोण राहतं ते शोधायचं. मजल्यावर जळका वास सुटला की कुणाचं दूध उतू गेलं ते आपण दारोदार विचारतो, तसंच. अशी कुणाची ओळख न पटलेली शेकडो वर्तुळं पडून आहेत. त्यातल्या एकात नम्रताला काहीच दिसेना. एक्स-रे येतायत आणि तारा मात्र नाही, म्हणजे हा मरून आकसलेला तारा असणार, असं तिने लिहिलं. असे फार थोडे सापडतात. पेपर स्वीकारला गेला. पीएचडी त्याच्यावरच उभी होती.

सत्कार रविवारी होता. शुक्रवारी दुपारी ती दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा बघून मला वाटलं, घरात कुणाचं तरी बरंवाईट झालं.

“दादा, फ्लेक्स उतरव.”

मी पाण्याची बाटली दिली. तिने ती न उघडताच काउंटरवर ठेवली.

चाळीतल्या लोकांना दाखवायला म्हणून तिने एक ताजा, स्वच्छ फोटो शोधला होता. त्यावर वर्तुळ ठेवलं, तर आत एक तांबडा ठिपका. तिने काम केलं होतं ते पंचवीस वर्षांपूर्वीच्या फोटोवर. तेव्हा हा तारा वर्तुळाबाहेर होता. तारे सरकतात, जवळचे तर जास्तच, म्हणून जुनी जागा आजच्या तारखेला आणून मगच जुळवायची असते. प्रोग्रॅममधली ती एक ओळ तिने काहीतरी तपासताना बंद केली आणि पुन्हा चालू करायची विसरली. पंचवीस वर्षांपूर्वीची मतदार यादी घेऊन आमच्या चाळीत फिरलात तर निम्म्या खोल्यांत भलतीच माणसं भेटतील, तसला प्रकार. असले तांबडे तारे थोडेफार एक्स-रे सोडतातच. हजारोंनी आहेत, त्यांचा कुणी फ्लेक्स लावत नाही.

“चुकलं तर चुकलं,” मी म्हटलं. “लोक चुकतात की.”

“लोक चुकतात रे. मी चुकले की म्हणणार, कोट्यातून आली होती ना. खालच्या मजल्यावरची ती पूर्वी, तीपण पुढच्या वर्षी पीएचडीला अर्ज करणार आहे. तिच्याकडेपण तसंच बघतील.”

मीही घाबरलो. आणि घाबरलेला माणूस जे बोलतो तेच बोललो, त्याची आजही लाज वाटते. “मग राहू दे ना. एवढ्या लांबचं कोण बघायला जातंय?”

“मलापण तेच वाटतंय,” ती म्हणाली. “त्याचीच जास्त भीती वाटतेय. सोमवारी माझे गाइड सर भेटणार. त्यांच्यासमोर माझी जीभ उचलली नाही तर?”

फ्लेक्स मी उतरवला नाही. ‘राहू दे’ असं जाताना तीच म्हणाली.

रविवारी संध्याकाळी विहाराचा हॉल भरला होता. वंदना झाली, शाल झाली. पहिल्या रांगेत तिची आई, कौसल्याकाकी, नव्या साडीत. नम्रताने माइक हातात घेतला आणि एका दमात सांगून टाकलं: तारा मेलेला नाही, माझी चूक झाली, ही बघा चूक. दोन्ही फोटो पडद्यावर होते. तिचा आवाज असा फाटत होता की मला उठून पळून जावंसं वाटलं. काकींनी पदर तोंडाला लावला. कुणीच टाळी वाजवली नाही. शेवटी म्हाताऱ्या जाईबाई मागून ओरडल्या, “म्हंजे तारा हाय का न्हाय?”

“आहे आजी. पण साधाच आहे.”

“मग रडती कशापायी?”

लोक हसले. नम्रता हसली नाही.

सोमवारी मी तिला तिच्या संशोधन संस्थेच्या गेटपर्यंत सोडायला गेलो. बसमध्ये तिने माझं मनगट धरलं होतं, लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत धरायची तसं. पुढचं तिने मला नंतर सांगितलं. सरांनी दोन्ही फोटो पाहिले, चष्मा काढला. मग उठून खोलीचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “तुझ्या-माझ्याशिवाय हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“दोनशे माणसांना, सर,” नम्रता म्हणाली. “काल माइकवरून सांगितलंय.”