विमल पडायला शिकली

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्याऐवजी विमललाच सांगितलं, "क्लॅव्हिकल का फ्रॅक्चर है, बाई. गळ्याखालचं हे आडवं हाड. टोकं एकमेकांवर चढलीयेत. कशा पडलात?"

"ज्यूदो शिकताना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. समोर नऊवारीतली, पस्तिशीची मास्तरीण. माझी बायको.

मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं. विमलच्या शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवायचं ठरलं, पण आधी कुणा बाईनं ते शिकायला हवं होतं. विमल तयार झाली, तिच्यासोबत आणखी एक शिक्षिका. शिकवायला सुभेदार मोहिते. दुसरं महायुद्ध संपल्यावर पलटणीबरोबर ते जपानात होते, ज्यूदो तिथंच शिकले. शाळेमागच्या शेडमध्ये पेंढा पसरून वर ताडपत्री ताणली. मिलच्या जाड कापडाचे सदरे आणि पायजमे शिवले. सुभेदार रोज बजावत, "पडताना हात टेकायचा नाही. हनुवटी छातीला, अन् तळहातानं जमिनीवर थाप." त्या दिवशी विमलचा पाय निसटला आणि सवयीनं हात पुढे गेला.

डॉक्टरांनी फिगर ऑफ एट बँडेज बांधलं. म्हणजे दोन्ही खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुली मारणारा पट्टा, खांदे मागे ओढून धरणारा. काही दिवस दवाखान्यात उताणं झोपायचं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, दुखणं सोसवतं. दुसऱ्याच्या हातानं जेवणं जड जातं. मी तिची वेणी घालायचो. ती इतकी वाकडी व्हायची की शेजारच्या खाटेवरच्या बाई हसायच्या. विमलही हसायची, मग कळ येऊन डोळे मिटायची.

माझी आई भेटायला आली तेव्हा सुभेदार दाराशी उभे होते. "झालं समाधान?" आई त्यांना म्हणाली. "घरच्या बाईला कुस्त्या शिकवल्यात!" विमलच म्हणाली, "आई, त्यांनी सांगितलं होतं. माझंच अंग ऐकलं नाही."

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "आता हे बंद."

विमलनं विचारलं, "मला पडता आलं असतं, तर हाड मोडलं असतं का?"

डॉक्टरांनी तिचा खांदा पुन्हा चाचपला. "शायद नहीं," ते म्हणाले. "हाड आधी जुळू द्या. मी सांगेन तेव्हा जा. पण पडण्यापासून सुरुवात."

हाड जुळलं, तर खांदा आखडला. डॉक्टर त्याला स्टिफनेस म्हणत. हात कानापर्यंत जाईना. विमल भिंतीवर बोटं गोगलगाईसारखी वर चढवायची, कपाळावर घाम, ओठ घट्ट. मी पोलोग्राउंडच्या कारखान्यातून कामावरून आलो की ती त्या दिवशी गाठलेली जागा दाखवायची. इतका चिवटपणा मी जवळून कधी पाहिला नव्हता.

परवानगी मिळाली, पण दुसऱ्या शिक्षिकेला घरच्यांनी थांबवलं होतं. "अहो, मग जोडीला तुम्हीच चला," विमल म्हणाली. मी, पोट सुटलेला स्टोअरकीपर, ताडपत्रीवर उतरलो.

आधी आडवं राहून नुसती थाप मारायची, मग बसून पडायचं, मग उकिडवं. आणि मग उभ्यानं. त्या दिवशी विमल बराच वेळ नुसती उभी होती. चेहरा पांढरा. 'राहू दे' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सुभेदारांनी नजरेनंच मला गप्प केलं. ती मागे कलंडली. थाप वाजली. मी धावलो, तोवर ती उठली होती.

"पुन्हा," ती म्हणाली.

आज ती मुलींना शिकवते. पहिले कित्येक दिवस फक्त पडणं. हाड जुळवणाऱ्या आणि तिचा प्रश्न खरेपणानं ऐकणाऱ्या त्या डॉक्टरांचे, आणि बोलणी खाऊनही पुन्हा शेडमध्ये उभं राहणाऱ्या सुभेदारांचे आमच्यावर उपकार आहेत. मोडलेल्या माणसाला घरात जपावं हे मला माहीत होतं. त्याला पुन्हा पडू द्यावं, हे मी विमलकडून शिकलो.

एकदा आई बघायला आली. खुर्चीवर बसून तिनं धडाधड पडून उठणाऱ्या पोरी पाहिल्या. वर्ग सुटल्यावर चपला काढून हळूच ताडपत्रीच्या काठाशी आली.

"विमल," ती म्हणाली, "मला बसल्या बसल्या तरी शिकव गं."