उजव्या हाताची तालीम

हृदयाच्या शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घ्यायचं तर मुलाखत द्यावी लागते, आणि त्या मुलाखतीत परीक्षकांसमोर टाके घालून दाखवावे लागतात. जागा दोनच. त्यातली एक डावखुरीला हवी होती. हे नाव वॉर्डाने तिला प्रेमाने ठेवलं होतं, असं आपलं वॉर्डाचं म्हणणं.

ज्यांच्या हाताखाली ती कित्येक वर्षं राबली, त्या मोठ्या सरांनी तिला बजावलं, "पॅनेलवर मी असेन, पण बाकीची जुनी खोडं आहेत. डावा हात काढायचा नाही. उजव्याने शिव."

आणि या बाईने ते ऐकलं! एरवी कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हे, पण सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने स्पंजचा तुकडा ठोकला आणि तालीम सुरू केली. घरच्यांची ताटं मांडीवर आली. परीक्षक म्हणून समोर आत्या बसायची. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"'घर सांभाळून हे जमेल का?'" आत्या कागदावरचा प्रश्न वाचायची आणि थबकायची. "हे पुरुषांना विचारतात का गं?"

"नाही."

"मग मीही नाही विचारणार. पुढचा." आणि सुईकडे बघत म्हणायची, "अशी काय शिवतेस पाय बांधलेल्या कोंबडीसारखी? घे की त्या हातात!"

"सरांनी सांगितलंय, आत्या."

मुलाखत तोंडावर आली असताना, एका दुपारी सरांच्या ऑपरेशन टेबलावरच्या रुग्णाची शीर फाटली. नेमकी मागच्या बाजूला. सरांचा उजवा हात तिथे वळेना, रक्त थांबेना. "डावखुरीला बोलवा!" सर ओरडले. ती धावत आली, डाव्या हाताने तिने शीर शिवली, माणूस वाचला. हात धुताना सर म्हणाले, "शाब्बास. पण परवा उजवाच हं!"

ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी असं हे बोलणं. माणसाच्या उघड्या छातीत जो हात चालतो, तो चार शहाण्यांच्या डोळ्यांत का खुपावा? पण तिने मुकाट मान डोलावली. वर्षानुवर्षं मान डोलावून तिला तशी सवयच झाली होती.

मुलाखतीच्या खोलीत एका खोल भांड्याच्या तळाशी रबरी नळी ठेवलेली होती. चीर मागच्या अंगाला, टाके दहा. उजवा हात भांड्याच्या कडेला अडू लागला. चौथा टाका सैल पडला. तिने तो कापून टाकला आणि सुई डाव्या हातात घेतली.

"हात बदलू नका," मधले परीक्षक म्हणाले. "बरं दिसत नाही ते."

तिने कडेला बसलेल्या मोठ्या सरांकडे पाहिलं.

"सर, परवा ती शीर मी कोणत्या हाताने शिवली, ते यांना सांगाल?"

सरांनी पाण्याचा पेला उचलला. सावकाश दोन घोट घेतले. "मुलाखतीत बाहेरचे विषय नकोत," ते म्हणाले.

तिने उरलेले टाके डाव्या हाताने घातले. घट्ट, एकसारखे. मग भांडं परीक्षकांकडे सरकवून ती उठली.

संध्याकाळी निकाल लागला. ती तिसरी आली होती. जिन्यात सरांनी तिला गाठलं, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "माझ्याकडून तुला पैकीच्या पैकी दिलेत हो. कुठे बोलू नकोस."

"मार्क माझे मी मिळवले होते, सर," ती म्हणाली. वरच्या मजल्यावरची माणसं वाकून बघू लागली, तरी तिने आवाज खाली आणला नाही. "तुमच्याकडून साक्ष हवी होती."