तिसऱ्या गाण्यातली हाक

ऐका ना, माझा चार गाण्यांचा पहिला ईपी आज आला!

तिसरं गाणं तामसीला, आमच्या गावच्या घरी फोनवरच रेकॉर्ड केलेलं. शेवटी स्वयंपाकघरातून आईची हाक येते, "ये वं पोरी, भाकर थंडी होऊन राह्यली."

आई आता नाही. स्टुडिओवाला म्हणाला, "मागचा आवाज काढून टाकू." मी त्याच्यावर खेकसलेच.

दुपारी बाबांना माझ्या फोनवर ऐकायला दिलं. गाणं राहिलं बाजूला, ते ती हाकच पुन्हा पुन्हा लावत बसले. मग विचारलं, "एवढंच हाय काय? पुढं काई बोलली नाई काय तुही माय?"

तुमीच सांगा, काय सांगू त्यांना? हाक आली आणि मी रेकॉर्डिंग बंद केलं. भूक लागली होती.