समोरच्या खोलीतली नऊवारी

काळाचौकीच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीतली ती आणि मी, दोघीही शिवलेल्या नऊवारी साड्या ऑनलाइन विकतो. शिलाई माझी चांगली, गिऱ्हाईक तिचं जास्त. रोज दुपारी चारला ती खुर्चीवर मोबाइल टेकवते, लिपस्टिक लावते आणि लाइव्ह सुरू करते. "काय मैत्रिणींनो, जेवलात का?" हे ती इतक्या मायेने विचारते की ऐकणारीला सख्खी बहीण भेटल्यासारखं वाटावं. तिच्या पिशव्यांवर तिचं नाव छापलेलं असतं आणि नावाखाली नथ. तशी नथ मीही छापून घेतली, पण ती कोयरीसारखी दिसते. माझं पेज बघणारे बहुतेक नातेवाईकच.

परवा मी भाचीच्या अकाउंटवरून तिच्या लाइव्हखाली लिहिलं, 'तुमचा काष्टा उसवतो.' मला वाटलं, ती गुपचूप पुसून टाकेल. तिने ते मोठ्याने वाचलं.

"खरंय ताई. काष्ट्यात मी अजून कच्ची आहे. साडी पाठवा, परत शिवून देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक साडी घेऊन माझ्याच दारात उभी.

"वहिनी, तुमच्यासारखा काष्टा मला जमत नाही. शिकवाल? लाइव्हला तुमचं नाव सांगेन."

तिला कळलं होतं की नव्हतं, ते चेहऱ्यावरून समजेना. मी चहा केला, तिला मशीनजवळ बसवून सगळं दाखवलं. फक्त काष्टा उसवू नये म्हणून आतून घालायचा दुहेरी टाका, ती कप विसळायला मोरीत गेली तेव्हा मी घातला.